घरातली मराठी बंद केली तर इंग्रजी सुधारेल का?

वाचकाचा प्रश्न : पुण्यातील एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या ३८ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे शालेय शिक्षण सोलापूर जिल्ह्यातील गावात मराठी माध्यमात झाले, एबीसीडीशी ओळख पाचवीत झाली आणि पुढे त्यांनी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केले. गेल्या तीन वर्षांत त्यांनी इंग्रजी व्याकरणाची दोन जाडजूड पुस्तके स्वाध्यायांसह सोडवली, शिवाय ६०० इडियम्स अर्थासह वहीत उतरवून पाठ केले. व्याकरणाच्या सराव चाचणीत त्यांना ५०पैकी ४५ गुण मिळतात. तरीही दर गुरुवारी जर्मनीतील ग्राहक कंपनीशी कॉल असतो, तेव्हा वाक्य तोंडातच अडकते, आणि जे बोलून झाले त्यातली चूक रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवते. इंग्रजी माध्यमात सहावीत शिकणारी मुलगी चारचौघांत आईचे इंग्रजी सुधारते. आता कंपनीने त्यांना गटप्रमुखपद देऊ केले असून उत्तर देण्यासाठी दोन आठवड्यांची मुदत आहे. त्या विचारतात : नऊ महिन्यांचा महागडा ‘अ‍ॅडव्हान्स्ड इंग्लिश’चा वर्ग लावावा का? घरात मराठी पूर्ण बंद करून इंग्रजीतच बोलावे का? आणि तोवर हे पद नाकारावे का?

ताई,

तुमच्या चार पानी पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली : ‘डोक्यात मराठी आहे तोवर इंग्रजी बसणार नाही, असे आता वाटू लागले आहे.’ तुमचे तिन्ही प्रश्न या एका ओळीवर उभे आहेत, म्हणून उत्तराची सुरुवातही तिथूनच करते.

तुम्ही शाळेत होता तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. तुमच्या आणि त्याआधीच्या पिढ्यांना ही भाषा भेटली ती कागदावर. धडा वाचायचा, कठीण शब्दांचे अर्थ उतरवायचे, प्रश्नांची उत्तरे लिहायची, असाच तो सगळा व्यवहार होता. इंग्रजी कानावर पडणे आणि कुणाला तरी काही सांगायचे आहे म्हणून ती तोंडातून निघणे, हे दोन्ही जवळजवळ घडलेच नाही. आज तुम्ही चाचणीत ४५ गुण मिळवता आणि कॉलवर अडखळता, यात मला विसंगती दिसत नाही. ज्याचा सराव केला ते येते आणि ज्याचा केला नाही ते येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. यात मराठीचा दोष कुठे आहे?

मराठीमुळे चुका होतात हे मात्र खरे आहे, आणि तेच जवळून पाहण्यासारखे आहे. रात्री झोप उडवणारी जी वाक्ये तुम्ही पत्रात लिहिली आहेत, त्यांतली तीन इथे घेते.

पहिले वाक्य : ‘आय अ‍ॅम वर्किंग इन दिस डिपार्टमेंट सिन्स नाइन इयर्स.’ मराठीत आपण ‘नऊ वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘२०१५पासून’ही म्हणतो, दोन्हीकडे ‘पासून’ चालते. इंग्रजीत कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’ लागते आणि आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’. त्यात पुन्हा आपले ‘काम करते आहे’ हे वर्तमानातच राहते, तर इंग्रजीला नऊ वर्षे मागे पोचणारे ‘हॅव बीन वर्किंग’ हवे असते. दुसरे वाक्य : ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे.’ ‘मी काल रिपोर्ट पाठवला आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे, पण ‘काल’सारखा संपलेला काळ वाक्यात आला की इंग्रजी ‘हॅव’ला जागा देत नाही, तिथे नुसते ‘आय सेंट’. तिसरे : ‘ही सजेस्टेड मी टू चेक द बॅच अगेन.’ आपण ‘त्याने मला बॅच पुन्हा तपासायला सुचवले’ असे सहज म्हणतो. इंग्रजीतले ‘सजेस्ट’ त्या जागी ‘मला’ घेत नाही, म्हणून ‘ही सजेस्टेड दॅट आय चेक’ किंवा ‘ही सजेस्टेड चेकिंग’ असे म्हणावे लागते.

या तिन्ही वाक्यांत निष्काळजीपणा कुठेही नाही. तुमच्या मनाने मराठीचा नियम इंग्रजीला लावला आहे आणि तो अगदी नीट लावला आहे. भाषा शिकणाऱ्या माणसाची मातृभाषा आणि नवी भाषा यांच्यामध्ये स्वतःची नियमबद्ध अशी एक तिसरी भाषा तयार होते, असे लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडले आणि तिला ‘अंतरभाषा’ म्हणता येईल असे नाव दिले. ज्या चुकीमागे नियम आहे, ती शोधता येते आणि बदलताही येते. म्हणून एक नवी वही करा. तिच्यात चुकलेले वाक्य, त्याखाली बरोबर वाक्य आणि त्याखाली मनात उमटलेले मूळ मराठी वाक्य, असे लिहीत चला. प्रौढांना इंग्रजी शिकवताना मी पाहिले आहे की महिना-दोन महिन्यांत माणसाला कळून चुकते : शेकडो वाटणाऱ्या आपल्या चुकांची मुळे दहा-बाराच आहेत. ती दहा-बारा मुळे कुठल्याही पुस्तकात क्रमाने छापलेली नसतात, ती तुमच्या वहीतच सापडतील.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुम्हाला कदाचित हायसे वाटेल. तुमच्या कॉलवर समोर बसणारे चौघे जर्मन आहेत. ‘पासून’ आणि ‘इतका काळ’ या दोन्हींसाठी जर्मन भाषेतही ‘झाइट’ हा एकच शब्द चालतो, आणि ‘काल मी अहवाल पाठवला आहे’ ही रचना जर्मनमध्येही रोजच्या बोलण्यातली आहे. म्हणून इंग्रजी शिकणारे जर्मन लोक नेमक्या याच दोन चुका करतात. पुढच्या गुरुवारी स्वतःच्या वाक्यांकडे जेवढे लक्ष देता, त्यातले थोडे त्यांच्या वाक्यांकडे द्या. इंग्रजी जन्मतः मिळालेल्या माणसांपुढे परीक्षेला बसल्यासारखे तुम्ही बोलता, पण त्या कॉलवर इंग्रजी कुणाच्याच घरची नाही.

मराठी अडथळा आहे की आधार, हे ठरवण्यापूर्वी आणखी एक पाहा. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचे हे कधीच पक्के कळले नाही, असे तुम्ही लिहिता. मी वर्गात फळ्यावर दोन वाक्ये लिहीत असे : ‘ते मुलगी बघायला गेले’ आणि ‘ते मुलीला बघायला गेले’. वर्गात शेतकी खात्यातले अधिकारी असत, परिचारिका असत, दुकानदार असत. पहिल्या वाक्यात लग्नाची बोलणी आहेत, मुलगी कोणती ते ऐकणाऱ्याला अजून ठाऊक नाही. दुसऱ्यात ठरावीक मुलगी आहे, बहुधा त्यांचीच, वसतिगृहात किंवा दवाखान्यात असलेली. हे सांगायला कुणालाही क्षणभर थांबावे लागत नसे. मग मी विचारायची : ‘अ गर्ल’ कुठे आणि ‘द गर्ल’ कुठे? एकही उत्तर चुकत नसे. एका ‘ला’च्या असण्या-नसण्याने मराठी जो भेद करते, तोच इंग्रजी त्या दोन चिमुकल्या शब्दांनी करते. सगळीकडे हे असे जुळत नाही. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मराठी हा भेद ‘ला’ने करत नाही, आणि नद्यांच्या नावांआधी ‘द’ का लागते याचे उत्तर यातून मिळणार नाही. पण ‘मी कशाबद्दल बोलते आहे ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे का?’ हा त्यामागचा मूळ प्रश्न तुम्ही जन्मभर विचारत आला आहात.

कंडिशनलचे, म्हणजे ‘जर-तर’च्या वाक्यांचेही तसेच आहे. ‘तेव्हा सायन्स घेतलं नसतं तर आज मी गावातच असते’ हे वाक्य तुमच्या तोंडून कितीदा तरी निघाले असेल. भूतकाळातली न घडलेली अट आणि तिचा आजचा परिणाम यांची सांगड घालणारी हीच रचना व्याकरणाच्या पुस्तकांत ‘मिक्स्ड कंडिशनल’ म्हणून सर्वांत शेवटच्या प्रकरणांत येते : ‘इफ आय हॅडन्ट टेकन सायन्स, आय वुड स्टिल बी इन द व्हिलेज.’ अदबीचे पाहा. साहेबांच्या दारात उभे राहून आपण म्हणतो, ‘जरा बोलायचं होतं.’ बोलायचे आत्ता असते, तरी क्रियापद भूतकाळात जाते, कारण त्याने मागणीची धार कमी होते. इंग्रजीतले ‘आय वॉन्टेड टू आस्क’ आणि ‘आय वॉज वंडरिंग इफ’ हे त्याच कारणाने भूतकाळात आहेत. एवढा एक धागा हाती आला की पत्रातली ‘काइंडली’ची आणि ‘प्लीज’ची गर्दी आपोआप विरळ होते.

आता तुमच्या ६०० इडियम्सच्या वहीविषयी. त्यामागच्या कष्टांचा मला मनापासून आदर आहे, पण तिची दिशा थोडी बदलावी असे वाटते. समजा, तुमचा एखादा जर्मन सहकारी मराठी शिकून आला आणि जेवताना ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’ म्हणाला, तर टेबलाभोवतीचे सगळे खूश होतील. पण तोच माणूस घरी येऊन ‘कृपया चहा निर्माण करा’ म्हणाला, तर त्याला म्हणी येतात पण मराठी येत नाही, हे लगेच कळेल. आपण ‘चहा टाक’ म्हणतो, ‘चहा ठेव’ म्हणतो. हे आपल्याला कुणी शिकवले नाही, आणि याला आपण वाक्प्रचारही म्हणत नाही. रोजच्या वापरातली इंग्रजी म्हणजे प्रामुख्याने हेच : कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ आणि शिक्षक ‘घेतात’. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतात, म्हणजे नेमके उलटे. ‘कॅट्स अँड डॉग्ज’चा पाऊस तुमच्या कॉलवर वर्षभरात एकदाही पडणार नाही, पण ‘टेक’ आणि ‘गिव्ह’ दर मिनिटाला लागतील.

फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या प्रयोगांची भीतीही मराठीच्या आधाराने कमी होईल. ‘लिही’, ‘लिहून टाक’, ‘लिहून ठेव’, ‘लिहून घे’, ‘लिहून दे’ हे सगळे एकाच ‘लिही’चे अवतार आहेत, आणि त्यांतला फरक तुमच्या मुलीला वयाच्या चौथ्या वर्षीच कळला होता. ‘टाक’मध्ये एकदाचे उरकून मोकळे होणे आहे, ‘ठेव’मध्ये पुढची तरतूद आहे. इंग्रजी हे काम ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’ अशा छोट्या शब्दांकडून करून घेते. ‘राइट डाउन’ म्हणजे विसरू नये म्हणून टिपून ठेवणे. ‘राइट अप’ म्हणजे टिपणांवरून पूर्ण अहवाल तयार करणे, जे तुम्ही प्रत्येक डेव्हिएशननंतर, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून काही वेगळे घडले की करताच. ‘राइट ऑफ’ म्हणजे गेले ते गेले म्हणून हिशेबातून काढून टाकणे. तेव्हा ती वही तूर्त कपाटात ठेवा आणि गेल्या सहा महिन्यांत ग्राहकाकडून आलेल्या मेलमधून असे ४० प्रयोग गोळा करा. ‘रूल आउट’, ‘लुक इनटू’, ‘साइन ऑफ’, ‘फॉलो अप’ हे तुमच्या विभागाचे शब्द आहेत, ते तिथे नक्की सापडतील. प्रत्येक प्रयोग ज्या वाक्यात आला त्या पूर्ण वाक्यासह उतरवा. सुटा शब्द आणि त्याचा अर्थ अशी जोडी पुन्हा लिहू नका.

शंका आली की इंग्रजी-मराठी शब्दकोशाबरोबर परभाषकांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडण्याची सवय लावा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्न्बी यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून असा कोश रचला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने छापला. आजचा ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश हा त्याचाच वंशज आहे आणि इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. शब्दाचा अर्थ तर तो देतोच, पण तो शब्द वाक्यात कसा बसतो आणि त्याच्या सोबत कोणते शब्द येतात हेही दाखवतो. ‘सजेस्ट’च्या नोंदीत तुमच्या तिसऱ्या वाक्याचे उत्तर मिळेल. उच्चारही ऐकायला मिळतात, तेव्हा शब्द नुसता पाहून पुढे जाऊ नका, मोठ्याने म्हणा.

जाता जाता एक सावधगिरी. ठरलेली वेळ अलीकडे आणणे या अर्थाचा ‘प्रीपोन’ हा आपल्याकडचा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात गेला आहे, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पुण्यातल्या सहकाऱ्याला तो जरूर लिहा. जर्मनीला लिहिताना मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा, कारण ‘प्रीपोन’ तिथे कळेलच असे नाही. आणि बैठकीत कुणी ‘टेबल’ हे क्रियापद वापरले तर आधी विचारून घ्या : ब्रिटिश वापरात त्याचा अर्थ विषय चर्चेला आणणे असा होतो, अमेरिकन वापरात तो लांबणीवर टाकणे असा होतो.

सरावाची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. बेंजामिन फ्रँकलिन मुलगा असताना बॉस्टनला भावाच्या छापखान्यात काम करत होता. आपले लेखन सुधारावे म्हणून तो लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातला लेख घेई, प्रत्येक वाक्यातल्या आशयाचे त्रोटक टिपण करी, काही दिवस ते बाजूला ठेवी, मग टिपणावरून पूर्ण लेख आपल्या शब्दांत लिहून काढी आणि मुळाशी ताडून पाही. हे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. तुम्ही यात एक बदल करा : टिपण मराठीत करा. ग्राहकाचा नीट लिहिलेला एखादा मेल घ्या, सोमवारी त्यातले मुद्दे मराठीत उतरवा, बुधवारी मूळ मेल न पाहता ते इंग्रजीत लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवा. जिथे तुमचे ‘द’ गळले, जिथे त्यांनी ‘लुक इनटू’ लिहिले आणि तुम्ही ‘इन्व्हेस्टिगेट अबाउट’ लिहिले, तिथे लाल खूण करा. आठवड्याला एक मेल पुरे. दोन्ही भाषा समोरासमोर आल्या की आपल्याला नेमके कुठे कमी पडते ते स्वच्छ दिसते, आणि ही सोय एकच भाषा येणाऱ्याला नसते.

कानासाठी रोज थोडे ऐका. बीबीसीच्या लर्निंग इंग्लिश विभागावर सहा-सहा मिनिटांच्या चर्चा मजकुरासह विनामूल्य मिळतात. एकच चर्चा तीन दिवस ऐका : पहिल्या दिवशी नुसती, दुसऱ्या दिवशी मजकूर समोर ठेवून, तिसऱ्या दिवशी बोलणाऱ्याच्या मागोमाग त्याच चालीत मोठ्याने म्हणत. गुरुवारी सकाळी त्या दिवसाची पहिली तीन वाक्ये मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आणि अडले की वेळ मागून घेणारी दोन-तीन वाक्ये जिभेवर तयार ठेवा : ‘लेट मी कम बॅक टू यू ऑन दॅट’, ‘इफ आय हॅव अंडरस्टुड यू करेक्टली’. अडणे लाजिरवाणे नसते. गप्प झालो की समोरच्याला मात्र आपण असहमत आहोत असे वाटू शकते.

वर्गाचे थोडक्यात सांगते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा शब्द जाहिरातीत कुणीही लिहू शकतो. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीत ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत, आणि त्या किती नियम पाठ आहेत यावर ठरत नाहीत, माणूस त्या भाषेत काय करू शकतो यावर ठरतात. सी-वन या पायरीचे वर्णनच असे आहे की माणूस शब्द फारसे न शोधता सहज बोलतो. पैसे भरण्यापूर्वी एक तास वर्गात बसू द्या म्हणा आणि घड्याळ पाहा : त्या तासात तुम्ही स्वतः किती मिनिटे बोललात, आणि तुमची चूक तुम्हाला कुणी समजावून दिली का? उत्तर ‘पाच मिनिटे’ आणि ‘नाही’ असे असेल, तर रिकाम्या जागा भरण्याचे काम तुम्ही घरी आधीच केले आहे. त्यापेक्षा कार्यालयातल्या एखाद्या मैत्रिणीबरोबर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे कामाविषयी इंग्रजीत बोलणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

घरातली मराठी बंद करू नका, हे मी आग्रहाने सांगते. दमून आल्यावर ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, आईची आठवण सांगता, ती भाषा बंद झाली तर मुलीला अडखळत बोलणारी, बोलताना स्वतःला तपासणारी आई मिळेल, आणि तिची स्वतःची मराठीही सुकेल. इंग्रजीसाठी हवी तर रोजची अर्ध्या तासाची वेळ ठरवा. तिने आपल्या गोष्टीच्या पुस्तकातली दोन पाने मोठ्याने वाचावीत आणि तुम्ही प्रश्न विचारावेत. ती चारचौघांत चूक काढते, याविषयी तिच्याशी एकदा शांतपणे बोला : चूक जरूर सांग, पण रात्री, दोघी असताना. ती ऐकेल. आणि मग तिला विचारा की ‘मुलगी बघायला गेले’ आणि ‘मुलीला बघायला गेले’ यांतला फरक इंग्रजीत कसा सांगशील. त्या प्रश्नावर दोघींना बराच वेळ बोलता येईल.

राहिले पद. ते घ्या. कंपनीने तीन वर्षे तुमचे इंग्रजी ऐकले आहे आणि ते ऐकूनच ही जबाबदारी देऊ केली आहे. गटप्रमुख झाल्यावर कॉलचे विषय तुम्हीच ठरवाल, तेव्हा बुधवारी विषयपत्रिका पाठवा. त्यामुळे गुरुवारी कोणते शब्द लागणार ते आदल्या दिवशीच कळेल. कॉल संपल्यावर ठरलेल्या गोष्टींचा सारांश तुम्हीच लिहून पाठवा, कारण लिहिताना तुम्ही अडखळत नाही, आणि बोलण्यात काही निसटले असेल तर ते तिथे दुरुस्त होते. उत्तराला दोन आठवडे आहेत, पण ते याच आठवड्यात द्या. होकाराच्या मेलची पहिली ओळ ‘आय वुड बी ग्लॅड टू टेक दिस ऑन’ अशी असू द्या. जबाबदारी अंगावर घेणे या अर्थाचे ‘टेक ऑन’ तुमच्या त्या जुन्या वहीत कुठेतरी असणारच. ते शोधा आणि त्याच्यासमोर हे वाक्य तारखेसह लिहून ठेवा.